डावा हात

आधी घड्याळ काढते, मग बांगड्या दोन.
संखच्या दवाखान्यात खिळ्यावर लटकतात त्या दिवसभर,
माझ्याहून त्यांचीच हजेरी जास्त.

नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उचललं की
पोरं धावत येतात धूर बघायला.
मे महिन्यात या पट्ट्यात थंडी एवढीच,
एका टाकीत मावेल तितकी.
तळाशी वळू उभे,
काडीएवढे, आकड्यांच्या नावाचे,
आपली गाय कोण हे कधीच न कळणारे.

अकराच्या सुमारास एक मुलगा दप्तरातून कोंबडी काढतो.
"पाय मोडलाय. फी किती?"
आइस्क्रीमच्या काडीचे दोन तुकडे, चिकटपट्टी.
रजिस्टरात कोंबडीला रकाना नाही,
शेऱ्यात लिहिते: कोंबडी एक, मालक चौथीत.

बोर्गीच्या माळावर बिराप्पाच्या मेंढ्यांना किरळ लागली.
कापलेल्या ज्वारीचे फुटवे, कोवळे, हिरवेगार.
मी पोचेपर्यंत सहा गेल्या होत्या.
उरलेल्यांच्या शिरेत सुई घालताना
तो एकेकीचं नाव सांगत होता,
मेलेल्यांचीही, मध्येच, त्याच सुरात.
निघताना ताक दिलं.
नको म्हणता येईना.

रात्री दीडला फोन. कल्लव्वा हत्तळी, करजगीचं शिवार.
ती कानडी बोलते, मी वाळव्याची,
मधे तिची सून, निम्मंच सांगणारी.
खिलार गाय, पहिलं वेत, तीन तास कळा देऊन थकलेली.
"डॉक्टर कुठायत?"
कल्लव्वा माझ्या मागच्या अंधारात बघते.
मी साबण मागते.

डावा हात आत जातो खांद्यापर्यंत.
डोळे आपोआप मिटतात;
तिथं त्यांचं काही काम नसतं.
एक खूर. दुसरा नाही, पाय गुडघ्यात मुडपलेला.
मान मागे वळलेली,
पाठीमागून कुणी हाक मारली म्हणून.
जबडा सापडतो. त्यात बोट घालते
आणि थांबते.
कळ येते, मनगट आवळते, हाडाला हाड लागतं.
कळ जाते.
मग जीभ हलते.
चोखतं बोट,
जन्मायच्या आधीच भूक लागलेलं.

"हेदरब्याड," मी म्हणते. भिऊ नको.
माझं कानडी एवढंच,
तेही गाईंसाठी शिकलेलं.

दोरी. पाय सरळ, मान सरळ.
सून आणि शेजारचा पोरगा कळेबरोबर ओढतात,
कळ थांबली की थांबतात.
पावणेचारला कालवड पडते गोणपाटावर,
नाकात गवताची काडी फिरवली तशी
शिंकते, आणि सगळ्यांवर उडवते.

कल्लव्वा तांब्यानं माझा हात धुते,
खांद्यापासून खाली, रगडून,
मनगटाशी येऊन थांबते. काहीतरी पुटपुटते.
सून म्हणते, "हात मोकळा का, विचारतायत."
खिळ्याची गोष्ट कानडीत कशी सांगायची?
तोवर आतून डबा आलेला असतो.
एक हिरवी बांगडी, सुनेच्या मापाची,
बोटं आवळून, साबणावरून चढवली जाते.
गोठ्यात लक्ष्मी आली,
मोकळ्या हातानं जायचं नाही.

सकाळी नऊ. रंगाप्पाची म्हैस खोड्यात उभी, माजावर.
हात सुजलाय, बांगडी उतरत नाही.
साबण झाला, खोबरेल झालं,
रंगाप्पानं प्लास्टिकची पिशवी घालून ओढायचं सुचवलं, तेही झालं.
"वाढवा की मग," शिपाई म्हणतो.
काच फुटते त्याला आपण वाढणं म्हणतो,
मला लहानपणी वाटायचं, पुढच्या वर्षी मोठी होत असेल ती.

राहू दे.
उजवा हात घालते.
चौदा वर्षांत पहिल्यांदाच.
त्याला काहीच ओळखीचं लागत नाही,
नवख्या पोरासारखा चाचपत राहतो तिथं.
म्हैस मान वळवून
एकदा बघते माझ्याकडं,
कोण आलंय म्हणून.